तुझ्या वाक्याचा दगड

रविवार, ९ मार्च
सकाळी, शेडमधून

भिंगरीच्या आईस,

सप्रेम सलाम. मी बरा आहे, तूही तिकडे बरी असशील असं धरून चालतो. ताईंना आणि साडूसाहेबांना सलाम सांग. साडूसाहेबांचा गुडघा दुखतो पण जेवण कमी झालेलं नाही असं तू लिहिलंस, म्हणजे दुखणं फार खोलवर गेलेलं नाही. त्यांना म्हणावं, आमच्याकडचे कबरीचे दगड सध्या महाग आहेत, अजून थोडं थांबा. हसले तर कळव.

घर ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. दुरुस्त करीन करीन म्हणतो, पण रात्री तेवढाच एक आवाज घरात असतो, म्हणून राहू दिलाय. खिडकीतली तुझी कुंडी जगली. श्रेय माझं नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई ओले कपडे न पिळता वाळत घालतात, ते नेमके तिच्यावर ठिबकतात. तू असताना याच कपड्यांवरून तू त्यांच्याशी भांडली होतीस. आता भांडू नकोस, त्यांनी तुझं झाड वाचवलंय.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तेव्हापासून कामाच्या अंगरख्याच्या खिशात आहे, आता त्याला इतकी दगडाची भुकटी लागलीय की घडी उघडली की शिंक येते. उत्तराला उशीर झाला, कारण मला लिहायला बसवत नव्हतं. पत्रात तू एक अट घातलीस आणि एक प्रश्न विचारलास. अट अशी, की पुढच्या महिन्यात भिंगरीला जाऊन वर्ष होईल तेव्हा तिचा दगड बसवायला तू येशील, पण त्यावर तुझं वाक्य असेल तरच. देवानं दिली, देवानं नेली. तुझ्या आईच्या तोंडचं, तिच्या आईच्या तोंडचं, तुमच्या घरात प्रत्येक मातीला म्हटलं गेलेलं. ते नसेल तर, 'तुमच्या दगडाची मला गरज नाही आणि तुमचीही नाही.' हे तू ठाम हातानं लिहिलंस, खाली रेघही मारलीस.

प्रश्न तू शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लिहिलास. त्याच्याकडे येतो. जरा दमानं येऊ दे.

आधी तुझ्या जुन्या आरोपाचं बोलतो. मी देव सोडला असं तू ताईंना सांगितलंस, ते फिरून माझ्यापर्यंत आलं. चर्च सोडलं हे कबूल. मातीच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले की देवाला त्याच्या बागेत एक सुंदर फूल हवं होतं, म्हणून त्यानं आपलं खुडलं. मी तिथून उठून बाहेर गेलो. मंडळी बघत राहिली, तू मान खाली घातलीस. मला एवढंच वाटलं, की ज्यानं सगळ्या बागा लावल्या त्याला आमच्याच कुंडीतलं फूल लागावं, हे त्याला शोभत नाही. त्याच्याबद्दल असं काहीबाही बोललेलं मला ऐकवलं नाही, म्हणून उठलो. देवाचा राग आला म्हणून उठलो असं सगळ्यांना वाटलं. मीही कुणाला समजावत बसलो नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

त्याच्याशी माझं रोज बोलणं होतं. छिन्नी मारताना होतं, चहा उकळताना होतं. बहुतेक वेळा भांडणच असतं. पण ज्याला सोडून दिलं त्याच्याशी कोण भांडत बसतं? भांडायला दोघं लागतात.

आता त्या न्याहारीचं. पाळकीणबाईंनी तुला लिहिलं की मी दफनभूमीच्या फाटकाशी स्वतःची मंडळी काढलीय, आणि तू मला 'हे काय नवीन थेर' म्हणून विचारलंस. थेर कसे सुरू झाले ते ऐक, मग शिव्या दे.

फाटकाशी फुलं विकणारी मावशी तुला माहीत आहे. भिंगरी तिच्याकडच्या तुटक्या देठांची फुलं गोळा करायची आणि ती हिला 'माझी गिऱ्हाईक' म्हणायची. मावशीचा नवरा पावसाळ्याच्या आधी गेला. माणूस म्हातारा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्याचा दगड मी केला. नाव नीट आलं, तारखा नीट आल्या. खाली 'वय वर्षे' कोरलं आणि पुढे नुसता आठ. सात कुठं गेला मला माहीत नाही. माझ्या हातानं तो सोडून दिला. दगड उभा करून, पुसून, लांबून बघितला तरी मला चूक दिसेना. मला ते बरोबरच वाटत होतं. आठच तर होतं तिचं वय.

मावशी बघायला आली. तिला वाचता येतं थोडंफार. ती त्या आकड्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा कुठं कळलं मी काय केलंय. अगं, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि ती बाई हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "मिस्त्री, शेवटी शेवटी तेवढेच झाले होते हो ते. भरवावं लागायचं, रुसायचे, गोष्ट सांग म्हणायचे." आणि हसता हसता खालीच बसली आणि रडली. मीही तिच्याजवळ बसलो. भिंगरी गेल्यापासून मी कुणासमोर रडलो नव्हतो, तुझ्यासमोरही नाही. तुझ्यासमोर तर मुळीच नाही.

तो दगड वाया गेला, दुसरा करून दिला. वाया गेलेला मी पालथा घालून फाटकाजवळच्या माझ्या शेडमध्ये दोन ठोकळ्यांवर ठेवला. त्या रविवारी मावशी नवा दगड बघायला आली आणि त्या पालथ्या दगडावरच टेकली. शववाहिनीचा ड्रायव्हर आला होता गाडी धुवायला, तोच लांब मानेचा, ज्यानं आपल्या भिंगरीला नेताना एकदाही हॉर्न वाजवला नव्हता. त्याच्याकडे बेकरीचा ताजा ब्रेड होता, आख्खा, न कापलेला. माझ्याकडे चहा होता. सुरीला सगळी भुकटी लागलेली, म्हणून मी ब्रेड हातानंच मोडला आणि तिघांत वाटला.

मोडल्यावर मला कळलं माझ्या हातांनी काय केलंय, चर्चमध्ये प्रभुभोजनाला पाळक भाकर मोडतात तेच. तू असतीस तर तुलाही कळलं असतं. त्या दोघांना नाही कळलं, आणि मी सांगितलंही नाही. ड्रायव्हर कुठलाच देव मानत नाही, तो म्हणतो मी सगळ्यांच्या देवांची गिऱ्हाइकं पोचवतो, एकाची बाजू कशाला घेऊ. मावशीनं कडेचा जाड तुकडा मला दिला आणि म्हणाली, "खा, किती वाळलात." एवढंच. ना गीत, ना प्रार्थना. चर्चची घंटा लांबून ऐकू येत होती, तेव्हा तू तिकडच्या चर्चमध्ये बसलेली असशील असं वाटलं. त्या तुकड्याबरोबर माझ्या आत काहीतरी गेलं जे कित्येक महिने जात नव्हतं. कृपा कृपा म्हणून आपण लहानपणापासून ऐकतो. मला वाटायचं ती मोठी, उजेडाची वगैरे असणार. ती अशी शिळ्या चहाबरोबर येईल आणि वर 'किती वाळलात' म्हणेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी तिघं बसतो. कधी मातीला आलेलं कुणी परत जाताना थांबतं, त्यालाही तुकडा मिळतो. ही माझी मंडळी. वर्गणी नाही, प्रवचन नाही, फक्त मावशी ड्रायव्हरला लग्न कर म्हणून पिडते, तेवढाच काय तो उपदेश.

पाळकसाहेब येऊन गेले हे तुला पाळकीणबाईंनी लिहिलं नसणार. उपासना आटोपून, झगा हातावर टाकून, तणतणत आले. म्हणाले, "तू इथं प्रभुभोजन चालवतोस असं ऐकलं." मी म्हटलं, "नाही साहेब, न्याहारी." ते म्हणाले, "मोडतोस ना?" मी म्हटलं, "सुरी घाण असते." मावशीनं त्यांना सरकून जागा दिली आणि हातात तुकडा ठेवला. सकाळपासून उपाशी होते बिचारे, खाल्ला. मग खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी फुलाचं मी बोलायला नको होतं. मला दुसरं काही सुचलं नाही. इतक्या लहान पेटीपुढे मला कधीच काही सुचत नाही." माझा सगळा राग बसल्या जागी विरघळला. आम्ही दोघंही असेच निघालो की, वेळेला काही न सुचणारे.

जाताना त्यांना मी केलेला एक दगड बघायचा होता. चष्मा शोधायला लागले. हा खिसा, तो खिसा, झग्याचा खिसा. चष्मा डोक्यावर. मावशी बघत होती, ड्रायव्हर बघत होता. मी सांगायला हवं होतं. मला सांगवलंच नाही. मी आत निघून गेलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. ते बिचारे समजले की मी अजून रागावलोय.

रागावलो नव्हतो. का सांगवलं नाही ते तुला सांगायचंय, आणि तेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. थांब, चहा ठेवून येतो.

आलो. चहा उतू गेला. मुद्दाम जाऊ दिला असेल, कारण पुसण्यात थोडा वेळ गेला.

तू विचारलंस, 'तिनं मला हाक मारली होती का? घाबरली होती का? खरं सांगा.' मी तुला तेव्हा 'शांत गेली' एवढंच सांगितलं, आणि तूही पुढे विचारलं नाहीस. तुला वाटत आलंय की तिनं तुझ्या नावानं टाहो फोडला आणि तू तिथं नव्हतीस. तू चर्चमध्ये उपास-प्रार्थनेला गुडघ्यांवर होतीस, आणि तुझा विश्वास कमी पडला म्हणून देवानं ऐकलं नाही, असंही तुझ्या मनानं घेतलंय. हे तू कधी बोलली नाहीस. पण तू जेवण कमी केलंस, आरशात बघणं सोडलंस, ते मला दिसत होतं.

तर खरं असं आहे. तिनं तुला हाक मारली नाही.

हे वाचून पत्र खाली ठेवू नकोस. पुढचं वाच.

त्या दिवशी इस्पितळातून जाताना तू मला बजावलं होतंस, मी येईपर्यंत तिच्याजवळ प्रार्थना म्हणत राहा, थांबू नका. मी म्हणायला लागलो. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, तू नको करू. आई करतेय ना तिकडे? मग आपल्याला सुट्टी."

असं म्हणाली. आपल्याला सुट्टी. शाळेत मॉनिटरनं सगळ्यांचा फळा पुसून टाकावा आणि बाकीच्यांनी खेळायला जावं, तशी खूश होऊन म्हणाली. तिच्या मनात काडीची शंका नव्हती की तू तिचं काम तिकडे चोख करते आहेस. मी विचारलं, सुट्टीत काय करायचं. ती म्हणाली, "पाळकसाहेब कर."

तुला माहीत नव्हतं हे. घरी तू नसताना आम्ही ते करायचो. प्रवचनाआधी ते चष्मा शोधतात, सगळ्या मंडळीला दिसत असतं की तो डोक्यावर आहे, आणि आदरापोटी कुणी सांगत नाही. मी डोक्यावर चमचा ठेवायचो आणि खिसे चाचपायचो. त्या दिवशी इस्पितळातला औषधाचा चमचा होता. तिचा एक हात माझ्या हातात होता म्हणून एकाच हातानं चाचपलं. ती हसली. तोंडावरचा मास्क सरकला इतकी हसली. नर्सबाई रागावायला आल्या, त्यांनी माझ्या डोक्यावरचा चमचा बघितला आणि त्यांनाही आवरेना. त्यांनी मास्क नीट बसवला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि दार लोटून घेतलं. भिंगरी म्हणाली, "परत."

मी परत केलं. या वेळी ती हसली नाही, नुसती बघत होती, लाडानं, मी मोठा आहे की ती मोठी आहे कळू नये अशी. मग हळूच म्हणाली, "बाबा, डोक्यावर आहे."

आणि डोळे मिटले. मला वाटलं खेळतेय. मी अजून खिसे चाचपत होतो. बराच वेळ चाचपत होतो गं.

मग तू आलीस. तुझ्या कपड्यांवर गुडघ्यांशी धूळ होती, ओठ कोरडे पडलेले. तू तिकडे उपाशी गुडघ्यांवर होतीस आणि आम्ही दोघं इकडे तुझ्या पाळकांची नक्कल करत होतो. हे मी तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? तुला वाटलं असतं की मी तुझी प्रार्थना हसण्यावारी नेली, म्हणूनच देव कोपला. आणि दुसरंही एक खरं आहे. तो वेळ मला कुणाला द्यायचा नव्हता. माझ्याकडे तिचा तेवढाच उरला होता, तुलाही द्यायचा नव्हता. आज देतोय, कारण तू तुझ्या वाट्याला जे घेऊन बसलीस ते त्याहून फार वाईट आहे.

तिनं हाक मारली नाही, कारण तू तिला दूर वाटलीच नाहीस. तुला वाटतं तुझी प्रार्थना कुणी ऐकली नाही. मी प्रार्थनेतला माणूस नाही, मला हिशोब कळत नाही. पण ती सुट्टी आम्हाला कुठून मिळाली? तिला भीती वाटली नाही ती कुणामुळे? तू तिकडे गुडघ्यांवर नसतीस तर तिनं मला पाळकसाहेब कर म्हटलं नसतं. आम्ही हसलो ते तुझ्या जिवावर हसलो.

आता दगड. तो झालाय. म्हणजे, आहे त्यापुढे जात नाही. काळा घेतला नाही, काळ्यावर ती फार मोठी कुणीतरी वाटली असती. फिकट राखाडी घेतला. वर बाप्तिस्म्याचं नाव, खाली भिंगरी. त्याखाली तुझं वाक्य.

आमच्या कामात आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ कोरतात, एका दमात, डावीकडून उजवीकडे, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर उतरवतात. तुझ्या वाक्याची रेघ मी पूर्ण कोरलीय. 'देवानं दिली' कोरलं. हात कुठं अडला नाही. हे मी कुणाहीपुढे शपथेवर सांगेन. दिली, आणि भरभरून दिली. पुढच्या दोन शब्दांवर छिन्नी ठेवली आणि उचलली. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. तुझ्याशी हट्ट म्हणून नाही. मी तिथं होतो म्हणून. त्या खोलीत मी जागा होतो, दाराकडे माझं तोंड होतं, तिचा हात माझ्या हातात होता. तिला न्यायला कुणी आलं नाही. कुणी तिला माझ्या हातातून ओढलं नाही. तिथं जो कुणी होता तो देत होता, शेवटच्या क्षणापर्यंत देतच होता. जे मी बघितलं नाही ते माझ्या हातानं दगडावर कसं लिहू?

पण तू देवाला माझ्याहून जास्त जवळून ओळखतेस. माझं चुकतही असेल. तुझ्या आईनं ते वाक्य चार मातींना म्हटलंय, त्यात तिला काहीतरी आधार मिळाला असेलच, तो मी तुझ्याकडून हिसकावणार नाही.

म्हणून ये. माझ्यासाठी नको, दगडासाठी ये. रेघेखाली तुझ्या दोन शब्दांपुरती जागा मी मोकळी ठेवलीय. तिथं उभी राहून तू कोर म्हणालीस, तर त्याच क्षणी कोरेन, एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही, आणि पुन्हा कधी त्यावर एक शब्द बोलणार नाही. आणि तिथं उभी राहिल्यावर तुलाही म्हणवलं नाही, तर ती रेघ तशीच रिकामी राहील, आणि आपण दोघं तिच्याजवळ बसू.

तुझा, आणि अजूनही तिचा,
भिंगरीचा बाबा